गल्लीतली गायन पार्टी आणि घरातली टेप

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा बैठकीत लेखांचे विषय वाटून देण्यात आले. कुणाकडे विहाराच्या बांधकामाचा इतिहास, कुणाकडे धम्मपरिषदांचा, तर कुणाकडे महिला मंडळाचा. आमच्या वाट्याला वस्तीतल्या गायन पार्टीचा विषय आला. आम्ही म्हणजे त्या पार्टीत एके काळी कोरसला बसणारे, पेटी डोक्यावरून वाहणारे आणि टेप सांभाळणारे तिघेजण. लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीलाच अडलो. बांधकामाला पावतीपुस्तकं आहेत, परिषदांना हँडबिलं आहेत, महिला मंडळाला ठरावांचं रजिस्टर आहे. गायन पार्टीला कागदच नाही. ज्यांनी तीस वर्षं गावोगावी जाऊन रात्री जागवल्या, त्यांची कुठं हजेरीसुद्धा मांडलेली नाही. आहेत त्या फक्त चौदा कॅसेटी. त्यातल्या बहुतेक घरातच, जुन्या हातटेपवर भरलेल्या. तेव्हा बंधू-भगिनींनो, हा लेख त्या कॅसेटींविषयी आहे, आणि एका अशा गाण्याविषयी आहे की जे आमच्या हातून गेलं.

आधी थोडं मागं जावं लागेल. आपली गायन पार्टी काही आकाशातून पडली नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या विचाराचे जलसे निघाले. ढोलकी, तुणतुणं, सवाल-जवाब, फार्स हे सगळं तमाशातलंच, पण सांगणं नवं. त्याच वाटेने १९३० च्या आसपास आंबेडकरी जलसे उभे राहिले. महाडचं चवदार तळं १९२७ ला झालं होतं, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० ला सुरू झाला होता, आणि ही चळवळ निरक्षर माणसापर्यंत न्यायची तर छापील कागद पुरणार नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचा जलसा यात अग्रभागी होता. त्यांनी स्वतःच पुढे १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवलं, हे आपलं भाग्य. जलशातून गण-गवळण गेली. देवाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं. दारू, अंधश्रद्धा, गावकीची कामं, मुलांना शाळेत न घालणं, हे वगाचे विषय झाले. लोक पोटभर हसायचे आणि घरी जाताना गप्प व्हायचे, असं आमचे वडीलधारे सांगत.

आपल्या नगर जिल्ह्याला तर (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर) या कलेचं मोठं देणं लागतं. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथली पवळा हिवरगावकर ही आपल्याच समाजातली बाई. पठ्ठे बापूरावांच्या फडात ती उभी राहिली आणि तिच्या नावावर तमाशाचे तंबू भरू लागले. बापूरावांच्या लावण्या पुस्तकांत छापून आल्या, आज विद्यापीठात शिकवल्या जातात. पण पवळाचा आवाज आम्हा तिघांपैकी कुणाच्या कानावर पडलेला नाही. ज्या आवाजावर लोक बैलगाड्या जुंपून येत होते, तो आवाज कसा होता, हे आपण नुसतं वाचायचं.

यंत्र नव्हतं असंही नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची गाणी ग्रामोफोनवर भरली गेली, तिथून आपल्या देशात तबकड्यांचा धंदा सुरू झाला. पण यंत्र कंपनीचं, खोली कंपनीची, कुणाला बोलवायचं तेही कंपनीने ठरवायचं. विकलं जाईल तेच भरलं जाई. खुद्द बाबासाहेबांचा आवाज आज आपण ऐकतो तो प्रामुख्याने १९५५ सालच्या बीबीसीच्या मुलाखतीतला, आणि तो इंग्रजीत. त्यांची मराठी भाषणं 'जनता' आणि पुढे 'प्रबुद्ध भारत' या पत्रांनी छापून ठेवली म्हणून शब्द राहिले. पण त्यातला श्वास, थांबणं, मध्येच लोकांना दरडावणं, हे छापून येत नाही.

हे चित्र पालटलं ते एका लहानशा डबीने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणि तिचा हातात मावणारा रेकॉर्डर मांडला. पुढे त्या कंपनीने इतर कारखानदारांनाही याच मापाच्या कॅसेटी करू दिल्या, म्हणून जपानपासून आपल्या कापड बाजारातल्या दुकानापर्यंत एकच माप चाललं. तबकडी नुसती ऐकता यायची. कॅसेट मात्र ऐकताही यायची आणि भरताही यायची. लाल ठिपक्याचं बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं की ज्याचं घर त्याचीच कंपनी! प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे चिरंजीव आनंद-मिलिंद यांच्या विकतच्या कॅसेटी प्रत्येक जयंतीला वाजल्याच. पण आमच्या मते खरा फरक पडला तो विकतच्या कॅसेटींनी नव्हे, तर कोऱ्या कॅसेटींनी.

आमच्या वस्तीत असा टेप आला तो १९८० नंतर. नगर हे लष्कराचं गाव, भिंगारला छावणी, त्यामुळे बऱ्याच घरांतला एखादा मुलगा फौजेत किंवा छावणीच्या कामावर. असाच एक मुलगा सुट्टीवर येताना कॅन्टीनमधून नॅशनल पॅनासोनिकचा टेप घेऊन आला. वर मूठ, पुढे एक भोंगा आणि कोपऱ्यात बारीक जाळीचा माइक. पहिले आठ दिवस तर जो तो येऊन स्वतःचं नावच भरून ऐकायचा. आपलाच आवाज ऐकून माणसं लाजायची, "हा माझा नाहीच" म्हणायची.

गायन पार्टी तशी लहानशीच होती. गाणारे शाहीरमामा, पेटीवाले काका, ढोलकीवाले, तुणतुणं धरणारा एक, आणि कोरसला आम्ही. मामा बिडीच्या कामावर, पेटीवाले नगरपालिकेत, ढोलकीवाले एस.टी.त. दिवसा हे, आणि एप्रिल महिन्यात रोज रात्री कुठं ना कुठं कार्यक्रम. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, पार वैजापूरपर्यंत. बिदागी म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि एक नारळ. मामांची स्वतःची गाणी चाळीसेक असतील, बाकी वामनदादांची. वामनदादा कर्डक म्हणजे आपल्या शेजारचेच. संगमनेरला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. २००४ च्या मे महिन्यात ते गेले, पण त्यांची गाणी गावोगावच्या पार्ट्यांनी वह्यांत उतरवून घेतली म्हणून पसरली. एकाच गाण्याचे तीन गावांत तीन पाठ मिळतात, ते याच कारणाने.

मामांचं एक गाणं मात्र फक्त मामांचंच होतं. १९५६ च्या ऑक्टोबरात ते वीस-बावीस वर्षांचे असताना नगरहून आगगाडीने मनमाडला आणि तिथून नागपूरला दीक्षेला गेले होते. त्या प्रवासाचं हे गाणं, बावीस कडव्यांचं. डब्यात कोण कोण होतं, भाकरी कुणी कुणाला दिली, कुठल्या स्टेशनावर पाणी मिळालं, कुठल्या स्टेशनावर नाही, पांढरी साडी आणि पांढरं धोतर कसं जपून नेलं, हे सगळं त्यात होतं. १४ ऑक्टोबरचा सोहळा शेवटच्या दोनच कडव्यांत. बाकी वीस कडवी नुसती वाट. कार्यक्रमात लोकांना जोशाची गाणी हवी असत, त्यामुळे हे लांबलचक गाणं मामा फारसं म्हणत नसत. पहाटे चार वाजता, लोक पांगले की, आमच्यासाठी म्हणत.

हेच गाणं भरून ठेवायचं म्हणून १९८६ च्या वर्षावासात आम्ही मामांच्या घरी बसलो. पावसाळ्यात कार्यक्रम नसतात, आणि विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन आटोपलं की नऊनंतर सगळे मोकळे. घर म्हणजे दहा बाय बारा, वर पत्रा. पाऊस आला की रेकॉर्डिंग बंद.

आम्हाला वाटलं, टेप मध्ये ठेवायचा, बटण दाबायचं, झालं. पहिल्या रात्री भरलेलं ऐकलं तर नुसती ढोलकी! मामांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्याहून विचित्र म्हणजे ढोलकीची थाप पडली की गाणं दबायचं आणि हळूहळू पुन्हा वर यायचं. आम्हाला वाटलं टेप बिघडला. पुढे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्याने समजावलं, की अशा टेपमध्ये आवाजाची पातळी यंत्र आपोआप धरतं. मोठा आवाज आला की ते सगळंच खाली ओढतं, शांत झालं की सगळंच वर उचलतं. म्हणजे ढोलकी मामांना ओढून पाडत होती. उपाय एकच, ढोलकीलाच लांब न्यायचं. मोकळ्यात अंतर दुप्पट केलं की आवाजाचा जोर चौथाईवर येतो. खोलीत इतका नेमका हिशेब लागत नाही, पण कल लागतो. मग ढोलकीवाले उंबऱ्याबाहेर ओट्यावर गेले, पेटी भिंतीला टेकवून भाता माइकच्या उलट बाजूला केला, तुणतुणं मामांच्या मागे, आम्ही कोरसवाले मोरीपाशी उभे. मामा टेपपासून दीड हातावर. टेप खाली जमिनीवर ठेवला की जमिनीचा दणका येतो, म्हणून घडी केलेल्या गोधडीवर. पत्र्याचा घुमारा मारायला तीन भिंतींना गोधड्या टांगल्या. बिछान्याला काही उरलं नाही, मामांची पोरं शेजारी झोपली.

ढोलकीवाले मात्र रुसले. ओट्यावर बसून आत काय चाललंय ते दिसत नाही, "मी काय परका आहे का?" म्हणाले. त्यांना शब्द नीट ऐकू यावेत म्हणून दार उघडं ठेवलं, तर रस्त्यावरची कुत्री कॅसेटीत आली. ती आजही आहेत.

दुसरी अडचण विजेची. लाइटवर टेप चालवला तर गाण्याच्या मागे बारीक घूं असा आवाज यायचा, म्हणून सेल घातले. नवे सेल दोन-तीन रात्री छान चालले. नंतर ते उतरू लागले हे आम्हाला कळलंच नाही, कारण भरताना काही समजत नाही. सेल उतरले की फीत हळू सरकते. मग तीच फीत नव्या सेलवर नेहमीच्या वेगाने वाजली की आवाज बारीक आणि घाईचा येतो. आमच्या सातव्या कॅसेटीत मामा गाण्याच्या सुरुवातीला मामा आहेत आणि शेवटी शाळेतल्या पोरासारखे ऐकू येतात. कॅसेटीची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. तेवढ्यातला थोडासा फरकही कान ओळखतो. आता कॉम्प्युटरवर हे बऱ्यापैकी सरळ करता येतं. तेव्हा आम्ही नुसते हसलो होतो.

तिसरी गोष्ट अडचण म्हणून सांगायची की काय, हेच आम्हाला आता ठरवता येत नाही. मामींना सगळी गाणी पाठ होती. मामा रात्री बिड्या वळता वळता गाणं रचायचे, तेव्हा ऐकायला त्याच असायच्या. अक्षरओळख दोघांनाही बेताची, पण मामींची आठवण पक्की. मामा कडवं चुकले की चुलीपाशी बसलेल्या मामी पुढचा शब्द टाकायच्या. कार्यक्रमात हे चालत नसे, घरात चालायचं. त्या रात्री मात्र आम्ही रेकॉर्डिंगवाले झालो होतो. बाराव्या कडव्याला मामा अडखळले, आतून मामींनी शब्द दिला, आणि आमच्यातला एक ओरडला, "मामी, गप बसा, टेप चालू आहे!" हे ओरडणं टेपवर आलं. मामा थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून भरलं आणि मामी गप्प बसल्या. शेवटी बावीस कडवी एका बाजूवर सलग बसली. साठ मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू तीस मिनिटांची, गाणं सव्वीस मिनिटांचं. आम्हाला फार आनंद झाला.

कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या मोडल्या की त्या कॅसेटीवर पुन्हा भरता येत नाही. आम्ही त्या मोडल्या. वरच्या कागदावर 'दीक्षा प्रवास' असं निळ्या शाईने लिहिलं, आणि ती कॅसेट आमच्यापैकी एकाच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली.

१९९१ च्या उन्हाळ्यात त्याच घरी लग्न निघालं. ऐनवेळी कोरी कॅसेट सापडेना, दुकानं बंद. पाहुण्यांतल्या कुणा हुशाराने ट्रंकेतली कॅसेट काढली, मोडलेल्या चकतीच्या भोकावर चिकटपट्टी लावली (तसं केलं की पुन्हा भरता येतं) आणि तिच्यावर मंगल परिणय, आशीर्वादाची भाषणं आणि भांड्यांचा आहेर कुणी किती दिला याची यादी भरली. आम्हाला हे कळलं दोन वर्षांनी. कॅसेट लावली तर स्टीलचा हंडा आणि पाच ताटं! ज्याच्या घरी हे झालं तो या लेखाचा एक लेखक आहे, त्यामुळे दोष कुणाला देणार? मामांना सांगायचं धाडस झालं नाही. "पुन्हा एकदा भरू या" असं नुसतं म्हणत राहिलो. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, तेव्हा पार्टीला महिनाभर उसंत नव्हती. त्या वर्षी मामांचा आवाज बसला तो पुन्हा उठला नाही. कालकथित मामांच्या जलदानविधीला सगळ्या पार्ट्या आल्या होत्या, पण ते गाणं एकालाही पूर्ण येत नव्हतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बांधवांची एक हकिगत इथे सांगावीशी वाटते. त्यांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरूनच आपल्याकडे १९७२ ला दलित पँथर झाली, तेव्हा हे नातं नवं नाही. १९४१ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स नावाचे गोरे संग्राहक आणि फिस्क विद्यापीठातले कृष्णवर्णीय अभ्यासक जॉन वर्क हे दोघे मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या मळ्यावर गेले. तिथल्या एका मजुराच्या खोपटात त्यांनी त्याची गाणी भरून घेतली. तेव्हा कॅसेट कुठली, तबकडीवर आवाज कोरणारं जड यंत्र मोटारीतून न्यावं लागे. तो मजूर म्हणजे मडी वॉटर्स. आपला आवाज तबकडीवरून ऐकला तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हे जमतं. दोन वर्षांत तो मळा सोडून शिकागोला गेला आणि जगप्रसिद्ध झाला. संग्राहक म्हणून लोमॅक्स यांचं नाव गाजलं, जॉन वर्क यांचं मात्र पुष्कळ वर्षं मागे पडलं. ही शेवटली गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला आमच्या टेपवरचं "गप बसा" आठवलं.

आपल्याकडेही हे काम मोठ्या निष्ठेने झालं आहे. गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, १९९६ साली आपल्या आयाबहिणींनी बाबासाहेबांवर आणि रमाईवर गायलेल्या ओव्या याच कामात ध्वनिमुद्रित झाल्या, आणि आता त्या कुणालाही ऐकता येतात. तिथे बायकांना गप्प बसवलं नव्हतं, गा म्हणून विनवलं होतं. आमच्या चौदा कॅसेटींत एकही अशी नाही की जिच्यावर बाईचं नाव लिहिलेलं आहे.

आता काळ मोबाइलचा. गाणं कॅसेटीतून चिपमध्ये आणि चिपमधून खिशात गेलं. गाणं सोपं झालं म्हणून त्याची किंमत कमी झाली, असं मात्र कुणी समजू नये. मे २०१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीत, एका तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याला ठार मारण्यात आलं. लग्नासाठी आलेला मुलगा होता तो. त्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या काही आयांनी पोरांच्या मोबाइलमधली गाणी बदलायला सांगितली, आणि काही पोरांनी मुद्दाम तीच गाणी लावली. दोघांनाही आम्ही चूक म्हणू शकलो नाही.

गेल्या वर्षी वर्गणी काढून विहारासाठी मुठीत मावेल असा एक डिजिटल रेकॉर्डर घेतला. यात फीत नाही, सेल उतरले म्हणून आवाज बारीक होत नाही, आणि मुख्य म्हणजे आवाजाची पातळी यंत्राकडून काढून घेऊन आपल्या हातात ठेवता येते. ढोलकी आता आतल्या खोलीत बसू शकते. पण ढोलकीवाले राहिले नाहीत, आणि पेटीवाल्या काकांची बोटं चालत नाहीत. पेटी त्यांचा मुलगा वाजवतो.

तो रेकॉर्डर घेऊन आम्ही मामींकडे गेलो. मामींनी आता ऐंशी ओलांडली आहे, दिसायला कमी झालंय. घर तेच, पत्रा जाऊन स्लॅब आलाय. आम्ही आधी चूक कबूल केली. कॅसेट पुसली गेल्याचं सांगितलं, त्यांना दटावलं होतं तेही सांगितलं. मामी म्हणाल्या, "मला ठावं हाय. लग्नाला मीबी हुतेच की." म्हणजे त्यांना तीस वर्षं माहीत होतं!

मग त्यांनी म्हणायला सुरुवात केली. पेटीवाल्याच्या मुलाने सूर दिला, तर म्हणाल्या, "पेटी नगं, तिनं आठवत न्हाई." त्यांची चाल मामांची नव्हती. मामा ठेक्यात गायचे, मामी ओवीसारखं लांबवत म्हणत होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, पण या खेपेला कुणी काही बोललं नाही. अकरा कडवी सलग झाली. काही कडव्यांत अशी नावं आली की जी आम्ही मामांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. डब्यातल्या बायकांची नावं. मामांनी ती गाळली होती की मामींनी घातली, हे विचारलं. "त्या हुत्या ना गाडीत," एवढंच म्हणाल्या. त्या स्वतः गेल्या होत्या का? तर नाही, पोर अंगावर होतं म्हणून राहिल्या. बाराव्या कडव्याला त्या थांबल्या. मनमाडला गाडी बदलण्याचं ते कडवं. रेकॉर्डर चालूच ठेवला. त्यात चार मिनिटं कुकरच्या शिट्ट्या आणि बाहेरची रिक्षा आहे. मग मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, आठवलं की निरोप धाडते." तेव्हापासून दोनदा निरोप आला. चौदावं आणि एकविसावं मिळालं. बारावं अजून नाही.

या चौदा कॅसेटी आता विहाराच्या कपाटात आहेत आणि एकेक करून कॉम्प्युटरवर घेण्याचं काम रविवारी सकाळच्या वंदनेनंतर चालतं. एका तासाच्या आवाजाला न दाबता ठेवलं तर सहाशे एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे सगळ्या कॅसेटी बोटाएवढ्या चिपमध्ये मावतात. तरी आम्ही दोन प्रती करतो, एक विहारात आणि एक दुसऱ्या घरी. ट्रंकेवरचा आमचा विश्वास उडाला आहे.

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी असतील, मग त्या लग्नाच्या असोत, बारशाच्या असोत की नुसत्या गप्पांच्या, त्यांनी त्या घेऊन याव्यात. लग्नाच्या कॅसेटीत शेवटी कुणीतरी गाणं म्हटलेलं असतंच, आणि कधी कधी भरलेलं संपतं तिथून पुढे खालचं जुनं ऐकू येतं. 'दीक्षा प्रवास'च्या कॅसेटीतही आहेराची यादी गाणं संपायच्या आधीच संपते. तिथे एक खटका आहे, आणि मग चाळीस सेकंद मामांचं शेवटचं कडवं. कॅसेट आणण्याआधी घरच्या टेपवर लावून पाहू नये. पावसाळ्यात फितीला पांढरी बुरशी धरते, ती तशीच फिरवली तर तुटते. आतली फीत सैल दिसली तर पेन्सिल घालून हलक्या हाताने गुंडाळावी. टीव्ही किंवा स्पीकरवर ठेवू नये, आत लोहचुंबक असतं. वर कुणाचं नाव लिहिलेलं नसेल तर आवाज कुणाकुणाचे आहेत ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून चिठ्ठीवर लिहून आणावं, पुरुषांचे आणि बायकांचे दोन्ही.